हिशेब कोणी मागायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाती कित्येक वर्षं मंडळीची तिजोरी होती. तेव्हा आज कारभारीपणावर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. मला विषय आवडला, पण त्याची थोडी धास्तीही वाटली. दानार्पणाच्या रविवारी या विषयावर इतकं बोलून झालेलं असतं, की ‘विश्वासू कारभारी’ हे शब्द कानावर पडताच आपला हात आपोआप खिशाकडे जातो. आज तसं काही होणार नाही. पैसे द्या, असं मी सांगणार नाही. पैसे देऊन झाल्यावर, आयुष्य देऊन झाल्यावर जो प्रश्न उरतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

सुरुवात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दाखल्यापासूनच करावी लागेल. परदेशी निघालेला धनी तीन चाकरांना बोलावतो. एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक असे पैसे सोपवून निघून जातो. पहिले दोघं व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून पुरून ठेवतो. धनी परत येतो, हिशेब घेतो आणि तिसऱ्याला बाहेर काढतो.

लहानपणी रविवारच्या शाळेत आपण हा दाखला ऐकतो तेव्हा तिसरा चाकर आपल्याला आळशी आणि जरासा बिचारा वाटतो. त्याला मिळालंच कमी, मग तो करणार तरी काय? पण आकडा पाहा. एक तालांत म्हणजे 6,000 दिनार, आणि त्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार आहे. शब्बाथ आणि सण सोडले तर ही साधारण वीस वर्षांची मजुरी झाली. रोजावर जगणाऱ्या माणसाने एका जागी कधी पाहिलीही नसेल एवढी रक्कम या ‘सर्वांत कमी’ मिळालेल्या चाकराच्या हाती होती.

आणि त्याने ती उधळली नाही. दुसऱ्याची ठेव जमिनीत पुरणं त्या काळी बेजबाबदार समजलं जात नव्हतं. रोख रकमेची राखण जमिनीत पुरूनच होते, हे शमुवेल या यहुदी धर्मपंडिताचं मत बाबिलोनी तालमुदात नोंदलेलं आहे. लूकच्या शुभवर्तमानातला अशाच दाखल्यातला चाकर पैसे रुमालात बांधून ठेवतो. त्याची राखण या कसोटीला उतरली नसती. मत्तयाचा चाकर मात्र पूर्ण उतरतो. चोरी झाली असती तरी त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकलं नसतं. हे पैसे माझे नाहीत, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. ज्याचं होतं ते त्याने पैन्‌पै परत केलं.

मग चुकलं कुठे? आळस हे उत्तर मूळ दाखल्यातच आहे आणि ते खरंही आहे. पण त्या आळसाच्या पोटात भीती आहे. धनी कडक आहे, न पेरलेलं कापतो, हे कारण तो स्वतःच देतो. त्याला नफा नको होता तसा तोटाही नको होता. कोणी कधी काही विचारूच नये, एवढीच त्याची सोय होती. जेवढं घेतलं तेवढं दिलं, आता मला मोकळं करा. मला वाटतं, दाखल्यातला राग आहे तो या मोकळं होण्याच्या इच्छेवर. बाकीच्या दोघांनी जोखीम घेतली, म्हणजे ‘काय केलंस?’ हा प्रश्न विचारून घेण्याची तयारी ठेवली. कष्ट त्यानंतर येतात. ख्रिस्ती शिकवणीत उद्योगीपणाला जी किंमत आहे ती या तयारीमुळे आहे, असं माझं म्हणणं आहे. नुसता घाम गाळणं मुंगीलाही जमतं आणि नीतिसूत्रांच्या कर्त्याने तिचं कौतुक केलेलंही आहे, पण मुंगीकडे कोणी हिशेब मागत नाही.

हे म्हणणं मी आता एका खऱ्या घराच्या वहीवर तपासून पाहणार आहे. ते घर श्रीरामपूरचं. आपल्या नगर जिल्ह्यातलं, उसाचं श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठावर वसलेलं, त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असलेलं. पण मराठी माणसाचं त्या गावाशी नातं आहे, ते पुढे सांगतो.

विल्यम केरी 1761 साली इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका विणकराच्या घरी जन्मला. चांभारकाम शिकला. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. पुढे पुतण्या युस्टेसला त्याने सांगून ठेवलं होतं, की माझं चरित्र लिहिणाऱ्याने मी नेटाने चालत राहणारा माणूस होतो एवढंच म्हटलं तरी ते बरोबर ठरेल; त्यापलीकडचं सगळं जास्तीचं. प्रतिभेचा दावा नाही, फक्त चिकाटीचा. मला हा माणूस आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल कडू बोललो तर ते वैरातून आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

1792 साली केटरिंगमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिल्या बैठकीत जमलेली वर्गणी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. एवढ्या भांडवलावर पुढच्या वर्षी केरी कुटुंबासह बंगालमध्ये उतरला आणि थोड्याच महिन्यांत उपासमारीच्या उंबरठ्यावर आला. मग मालदा भागात मदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. त्याने लगेच इंग्लंडला कळवलं, की आता मला पैसे पाठवू नका, ते दुसरीकडे वापरा. सोसायटीचं उत्तर काय आलं असेल? व्यापारात अडकून मूळ काम विसरू नका, असा उपदेश! केरीला ते लागलं. पुढे जे महाभारत घडलं त्याची पहिली ठिणगी मला इथे दिसते. दूर बसलेला विचारतो आणि राबणारा दुखावतो.

1800 सालच्या जानेवारीत केरी श्रीरामपूरला आला. तिथे जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर, त्याची बायको हॅना आणि विल्यम वॉर्ड हा छापखान्याचा जाणकार त्याची वाट पाहत होते. कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून डॅनिश गावाचा आसरा. 6,000 रुपयांना एक मोठं घर घेतलं आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरवलं. एक चूल, एक जेवणाची पंगत. महिनाभर घरकारभार पाहायची पाळी आळीपाळीने प्रत्येकाकडे. केरी खजिनदार, औषधाची पेटीही त्याच्याच ताब्यात. शनिवारी संध्याकाळी बसायचं आणि आठवड्यात एकमेकांबद्दल जे काही मनात साचलं असेल ते बोलून मोकळं व्हायचं. आणि मुख्य नियम हा, की कोणीही खाजगी धंदा करायचा नाही. जे मिळेल ते सामाईक निधीत.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी श्रोत्यांना यात विशेष वाटणार नाही. शनिवारच्या बैठकीचा नियम मात्र आपल्या एकत्र कुटुंबांत असता, तर वाटणीचे कितीतरी दावे कोर्टात गेले नसते.

1801 पासून केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. कंपनीच्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून लॉर्ड वेलस्लीने काढलेलं हे कॉलेज. केरीचा पगार महिना 500 रुपये, प्राध्यापक झाल्यावर 1,000. मार्शमन पतिपत्नींच्या शाळांना चांगली फी मिळे. छापखान्यालाही कामं येत. त्या काळच्या हिशेबाने ही माणसं श्रीमंत व्हायला हवी होती. पण सगळी कमाई सामाईक पेटीत जाई आणि प्रत्येकाला हातखर्चापुरती थोडी रक्कम मिळे. केरीला इतरांपेक्षा किंचित जास्त, कारण कॉलेजात आणि गव्हर्नमेंट हाउसमध्ये जायला अंगावर बरे कपडे हवेत.

1805 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपसांतला करार लिहून काढला. त्यातलं शेवटचं कलम आमचा वेळ, आमची बुद्धी, आमचं बळ, आमची मुलंबाळं, फार काय अंगावरची वस्त्रंही आमची नाहीत, या आशयाचं आहे. हा करार वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक ठाण्यावर जाहीर वाचायचा असंही ठरलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने शंभर वर्षांनी प्रोटेस्टंट कष्टाळूपणातून भांडवलशाहीची वृत्ती कशी आली ते मांडलं. राबा, उधळू नका, म्हणजे भांडवल साठेल. श्रीरामपूरकर राबत होते, उधळत नव्हते, पण साठवतही नव्हते. जॉन वेस्लीने 1760 साली छापलेल्या पैशाच्या वापरावरच्या प्रवचनात मिळवा आणि वाचवा यापाशी न थांबता द्या हे तिसरं सांगितलं होतं. वेबरचं गणित या तिसऱ्या पायरीपाशी अडखळतं.

आता आपलं नातं. कॉलेजात केरीकडे बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही आली. त्याचं मराठी व्याकरण 1805 सालचं, मराठी-इंग्रजी कोश 1810 चा. कोश छापताना मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे पाडले गेले, हे पुण्यामुंबईत छापखाने रुजायच्या कितीतरी आधी. या सगळ्या कामात त्याच्या पाठीशी होते कॉलेजचे मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा. ‘सिंहासनबत्तिशी’ हे 1814 साली श्रीरामपुरात छापलेलं मराठी पुस्तक त्यांच्याच हातचं. कोशाच्या प्रस्तावनेत केरीने पंडितांचा उल्लेख केला आहे; मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या केरीचं. सामाईक पेटीत रुपये जमा होत होते, पण पंडितांच्या विद्वत्तेचं खातं कोणाच्या नावे उघडलं होतं? मोडी, देवनागरी, बंगाली खिळे पाडणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांची नावं निदान टिकली. बाकीच्या कितीतरी पंडितांना इतिहासात ‘एक पंडित’ एवढीच जागा आहे. दुसऱ्याने सोपवलेली विद्या हीसुद्धा ठेवच असते. त्या काळाचा रिवाज तसाच होता हे मान्य, तरी ही नोंद खर्चाच्या बाजूला टाकावी लागेल.

आणि एवढ्या कष्टाचं मराठीत पुढे काय झालं? 1811 साली श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ती भाषा परकी वाटे. मुंबईत 1813 साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी सरळ नव्याने भाषांतर सुरू केलं आणि 1826 साली आपला नवा करार छापला. केरीच्या कोशाची जागा 1831 साली मोल्सवर्थच्या कोशाने घेतली, आणि आजही कोश म्हटलं की आपल्या तोंडी मोल्सवर्थच येतो. केरीचं घाईचं काम होतं हे खरं. एकाच वेळी कितीतरी भाषांत पवित्र शास्त्र काढायचं, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्याला लक्ष कमीच येणार. उद्योगीपणाचा हाही एक दोष असतो: हात थांबत नाही, म्हणून काम थोडं मुरू द्यायलाही वेळ मिळत नाही.

1812 च्या मार्चची 11 तारीख. संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे खिळे, हस्तलिखितं, त्यात केरीने वर्षानुवर्षं जमवलेला अनेक भाषांचा कोश, सगळं गेलं. छापयंत्रं वाचली आणि राखेत पोलादी ठसे सापडले. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतायला त्यांनी सुरुवात केली. इंग्लंडमध्ये बातमी पोचल्यावर सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी दोनेक महिन्यांत सुमारे 10,000 पौंड उभे केले. केरी कामाला बसला तो दुसऱ्यांदा जाताना वाट सोपी वाटते, अशा समजुतीने. या प्रसंगावर किती प्रवचनं झाली असतील, देव जाणे. मी त्यावर फार थांबत नाही, कारण आगीत माणसाचं धैर्य दिसतं, कारभारीपण फारसं दिसत नाही. जळालेल्या वस्तूचा हिशेब कोणी मागत नाही.

कारभारीपणाची परीक्षा तीन वर्षांनी सुरू झाली. 1815 साली फुलर वारले. जोवर ते होते तोवर लंडन आणि श्रीरामपूर यांच्यात कागदांपेक्षा माणसावरचा विश्वास जास्त होता. त्यांच्या मागून आलेल्या समितीने साधा प्रश्न विचारला: श्रीरामपूरची घरं, जमीन, छापखाना, हे सगळं कोणाचं? विश्वस्तांमध्ये आमची माणसं असावीत.

श्रीरामपूरकर भडकले. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. मालमत्ता आम्ही स्वतःच्या कमाईतून घेतली, सोसायटीच्या कामासाठीच घेतली, आमच्या नावावर दमडीही ठेवली नाही. मग तुम्ही विचारणारे कोण? मालमत्ता सोसायटीसाठी ठेव म्हणून आहे, पण व्यवस्था आमच्याच हाती राहील, असं त्यांनी 1817 साली लेखी जाहीर केलं. इकडे सोसायटीने पाठवलेल्या तरुण मिशनऱ्यांना जुन्या त्रयीच्या घरात जीव घुसमटल्यासारखा होऊ लागला. ते वेगळे होऊन कलकत्त्यात राहू लागले. त्यांत केरीचा तो पुतण्या युस्टेसही होता! इंग्लंडमध्ये कुजबूज सुरू झाली, की श्रीरामपूरकर ऐषआरामात राहतात, पोराबाळांची सोय लावतात. सर्वांत जास्त चिखल मार्शमनवर उडाला. 1823 साली वॉर्ड पटकीने वारला. 1827 साली सोसायटी आणि श्रीरामपूर रीतसर विभक्त झाले. केरीची त्या काळातली पत्रं वाचली तर एवढ्या शांत माणसाच्या लेखणीला किती धार आली होती, ते दिसतं.

आरोप खोटे होते, याबद्दल मला शंका नाही. ऐषआराम कुठेच नव्हता. पण आरोप खोटे असणं वेगळं आणि प्रश्न चुकीचा असणं वेगळं. दूर बसलेल्या समितीची भाषा कारकुनी होती, संशयी होती, कधी अपमानकारकही होती. तरीही विश्वस्त कोण, मालमत्ता कोणत्या नावाने, हिशेब कोणाकडे, हे प्रश्न रास्त होते. केरी, मार्शमन, वॉर्ड हे तिघं मेल्यावर काय? याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणि त्यांना ते द्यायचंही नव्हतं, कारण आपण सगळं दिलं आहे ही त्यांची पक्की जाणीव होती.

इथे मला त्या तिसऱ्या चाकराची आठवण होते. तुलना अन्यायाची वाटेल, मान्य आहे. याने पुरून ठेवलं, त्यांनी आयुष्य वेचलं. पण हिशेबातून मोकळं व्हायची इच्छा दोघांच्याही ठिकाणी आहे. एकाला ती भीतीमुळे झाली, दुसऱ्यांना त्यागामुळे. ज्याने काहीच ठेवून घेतलं नाही त्याच्याकडे एक गोष्ट उरते, आपण काहीच ठेवून घेतलं नाही याचा मान. त्या मानाला कोणी हात लावला की माणूस मालकासारखा वागतो. अंगावरची वस्त्रंही आमची नाहीत, असं वर्षातून तीनदा वाचणाऱ्यांना ‘मग चाव्या द्या’ हे ऐकवेना.

हे सगळं मी दोनशे वर्षांपूर्वीच्या बंगालबद्दलच बोलतोय असं कृपा करून समजू नका. महाराष्ट्रात 1950 सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, दरवर्षी हिशेब दाखल करावे लागतात. तरीही आपल्या शाळा, वसतिगृहं, आश्रम, मंडळ्या यांच्या बैठकींत हे वाक्य कोणी ऐकलं नसेल असं नाही: ‘उभं आयुष्य या संस्थेला दिलं, आता कालचं पोर मला व्हाउचर मागतंय!’ बोलणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. आजीवन सेवक असतो, भाकरीवर दिवस काढलेले असतात. चोराला हिशेब मागणं सोपं. अशा माणसाला मागायला जीभ उचलत नाही. मग कोणीच मागत नाही, आणि त्याच्या मागून येणाऱ्या अप्रामाणिक माणसाला न मागण्याची ती पद्धत आयती मिळते.

पवित्र शास्त्र याबद्दल काय सांगतं? प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो, की कारभाऱ्याच्या ठायी विश्वासूपण दिसलं पाहिजे. पण लगेच पुढे तो सांगतो, की तुम्ही किंवा कोणत्याही मानवी न्यायासनाने माझा न्याय केला तर त्याचं मला काही वाटत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे. श्रीरामपूरकरांच्या बाजूने याहून भक्कम वचन नाही, आणि त्यागी माणसांच्या तोंडी ते नेहमी येतं.

दुसरं पत्र उघडा, आठवा अध्याय. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल ग्रीक मंडळ्यांमधून वर्गणी गोळा करतो आहे. रक्कम मोठी आहे, प्रवास लांबचा. पौल काय करतो? तो एकट्याने पैसे नेत नाही. तीताबरोबर आणखी बंधू पाठवतो आणि त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला आहे, हे मुद्दाम लिहितो. कारणही लपवत नाही: या मोठ्या रकमेच्या कामात आम्हांला कोणी दोष लावू नये, आणि जे योग्य ते आम्ही प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने करतो. माणसांच्या न्यायाचं मला काही वाटत नाही म्हणणारा हाच तो पौल! स्वतःच्या प्रेषितपणाबद्दल, हेतूंबद्दल कोणी काही म्हणो, त्याला पर्वा नव्हती. दुसऱ्याच्या पैशाची थैली हाती आली तेव्हा मात्र त्याने दुसऱ्याने निवडलेला माणूस सोबत घेतला. मनाचा न्याय प्रभू करील, रोकड माणसांनी मोजावी. केरी-मार्शमननी पहिला अध्याय पाठ केला होता, दुसऱ्याची गरज त्यांना वाटली नाही. तुम्हीआम्ही कोणता करतो, हे ज्याने त्याने पाहावं.

लूकच्या सोळाव्या अध्यायातला लबाड कारभारी या बाबतीत आपल्यावर मात करतो. त्याच्यावर आरोप होतो, धनी हिशेब मागतो, तेव्हा तो मी किती वर्षं राबलो हे सांगत नाही. हिशेब द्यायचाच आहे, हे तो गृहीत धरतो. त्याची लबाडी सोडा, एवढं तरी शिकण्यासारखं आहे.

आणखी एक बाजू दाखवल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. ती वहीत कुठेच नाही. केरीची बायको डॉरथी इंग्लंड सोडायला तयार नव्हती. शेवटी मनाविरुद्ध आली. 1794 साली मदनाबाटीच्या दिवसांत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, आणि पुढे तिचं मन ढासळलं ते कायमचं. भिंतीपलीकडे ती आजारी असताना अलीकडे केरी भाषांतर करत बसलेला, हे चित्र चरित्रकार कौतुकाने रंगवतात. मला ते कौतुकाचं वाटत नाही. थोरली मुलं मोकाट सुटली होती. त्यांना वळण लावलं हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनी. 1807 साली डॉरथी वारली. करारात ‘आमची मुलंबाळंही आमची नाहीत’ असं लिहिलं तेव्हा ते देवाला वाहिल्याच्या भावनेने लिहिलं होतं. पण जे आपलं नाही त्याची काळजी आपण जास्त घ्यायची असते, कमी नाही. ठेव म्हणजे दुसरं काय? निळीच्या कारखान्याचा पैसा कुळांच्या कोणत्या हालातून येतो, कंपनीचा पगार कोणत्या राज्यासाठी मिळतो, हेही प्रश्न असेच वहीबाहेर राहिले. खर्चाची बाजू त्यांनी काटेकोर तपासली, जमेची बाजू पैसा कुठून आला एवढं लिहून सोडून दिली.

दाखल्यातला धनी तिसऱ्या चाकराला विचारतो, की निदान सावकाराकडे तरी का ठेवले नाहीस? श्रीरामपूरकरांनी तेही केलं होतं. मिशनच्या आणि शाळांच्या निधीतला काही पैसा कलकत्त्याच्या बड्या पेढ्यांत होता. 1830 च्या जानेवारीत पामर आणि कंपनी बुडाली, मग अलेक्झांडर, 1833 मध्ये मॅकिन्टॉश. केरीच्या कॉलेजच्या पगारातही त्याच सुमारास कपात झाली. जोखीम घेणाऱ्याचे पैसे बुडाले तर धनी काय म्हणतो, याबद्दल दाखला गप्प आहे. पाच तालांतवाल्याचं गलबत बुडालं असतं तर? मला वाटतं, तोही हिशेब घेऊन समोर उभा राहिला असता, आणि फरक एवढाच पडला असता, की आपण त्यावर प्रवचनं कमी केली असती.

केरी 9 जून 1834 रोजी वारला. त्याच्या मृत्युपत्रातलं एक कलम मला या सगळ्या वादावरचं त्याचं शेवटचं उत्तर वाटतं. श्रीरामपूरच्या मिशनच्या जागेवर माझा कसलाही हक्क नाही आणि असल्याचं मी कधी मानलंही नाही, अशा आशयाचं ते आहे. आणखी एक कलम आहे. मुलगा जेबेझ याला जी रक्कम द्यायची त्याने ठरवली होती, तेवढे पैसे शिल्लक राहिले नव्हते. तेव्हा काही पुस्तकं वगळून बाकीचं ग्रंथालय जाहीर लिलावात विकावं आणि त्यातून जेबेझला 1,500 रुपये द्यावेत, असं त्याने लिहून ठेवलं. जोडे शिवता शिवता ज्याने भाषा शिकायला घेतल्या होत्या, त्याची ही पुस्तकं. ज्या मालमत्तेवरून सोसायटीशी दहा वर्षं भांडण झालं तिच्यातून बापाने मुलासाठी काही घेतलं नाही, आणि हे सिद्ध करायला एका लेखी कागदाची गरज आहे, हेही त्याने शेवटी मान्य केलं. तो कागद 1817 साली, लंडनच्या पहिल्या पत्राबरोबर, हसतमुखाने पुढे केला असता तर श्रीरामपूरची पुढची वीस वर्षं कशी गेली असती, यावर मतभेद होऊ शकतील. सभेनंतर चहाच्या वेळी मी त्यासाठी थांबणार आहे. पंचकमिटीच्या खजिनदारांनीही थांबावं, अशी विनंती आहे.